बैलगाडीपेक्षा जोरात जाऊ नये

१७ जानेवारी १९४४, सोमवार

हवालदार बुधाजी म्हणाले, पोलिसानं रोज काहीतरी लिहीत जावं, म्हणजे कोर्टात साक्षीला उभं राहिल्यावर तोंड कोरडं पडत नाही. म्हणून आजपासून लिहितो. आज मला स्वतःचं असं पहिलं काम मिळालं आणि ते अंड्यांच्या टोपलीमुळे मिळालं.

काल बाजारात आमचे फौजदारसाहेब शिळफाट्यावर एकेक अंडं उन्हाकडे धरून पारखत होते. वरच्या उतारावरून कारखान्यातला पदू फिटर सायकलवर सुटला. ब्रेक नाही, घंटी नाही. "बाजूला व्हा, बाजूला व्हा" असं तो ओरडत होता म्हणे. पण साहेबांना आजवर कोणी बाजूला व्हा म्हटलेलंच नसल्यामुळे ते जागचे हलले नाहीत. टोपलीत एकही अंडं शिल्लक राहिलं नाही. साहेबांच्या मिशीतून पिवळं ओघळत होतं आणि अख्खा बाजार आभाळाकडे बघत उभा होता, कारण साहेबांकडे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

सायकली सध्या फार माजल्या आहेत. लढाईमुळे पेट्रोल सगळं लष्कराला जातं, सर्व्हिस मोटारी बंद पडल्या आणि ज्याला त्याला सायकल हवीशी झाली. टायर मिळत नाहीत तर लोक आत भाताचा पेंढा कोंबून चालवतात. सकाळचा भोंगा झाला की खोपोलीकडून चाळीस-पन्नास जण एकदम उतारावरून सुटतात. खाली फाट्यावर पेणकडून लष्कराचे ट्रक येतात. आज ना उद्या कोणीतरी चाकाखाली जाणार.

साहेबांनी मला समोर उभं केलं. म्हणाले, "धाकलू, तू अजून कच्चा शिपाई आहेस. होळीपर्यंत या उतारावर एकही अपघात झाला नाही तर तुला कायम करीन. झाला, तर डगला-पट्टा इथे ठेवायचा आणि कर्जतला गावी जाऊन भात लावायचं."

मी सलाम ठोकला. होळीपर्यंत उतारावर मुंगी पडू देणार नाही.

एकच अडचण आहे, ती फक्त इथे लिहितो. मला सायकल चालवता येत नाही.

१९ जानेवारी, बुधवार

नियम पाठ केले. डावीकडून चालावं. घंटी आणि ब्रेक असावा. सूर्य मावळल्यावर दिवा लावावा. एका सायकलवर दोघांनी बसू नये. उतारावर ताशी आठ मैलांपेक्षा वेग नसावा.

सकाळी पहिल्यांदा पदूलाच अडवलं.

"आठ मैल म्हंजे किती वो पोलीसदादा?" त्यानं विचारलं.

"एका तासात आठ मैल."

"पन मी तासभर कुटं चालवतो? पान चघळून होतंय तवर कारखाना येतो."

शेवटी मी ठरवलं, माणूस दुडक्या चालीनं पळतो तेवढा वेग कायद्यात बसतो. तेव्हा प्रत्येक सायकलीबरोबर आपणच पळून बघावं. दुपारपर्यंत पळालो. मग चौकीच्या बाकावर आडवा झालो आणि हवालदारांनी तोंडावर तांब्याभर पाणी मारलं.

२१ जानेवारी, शुक्रवार

उतारावरच्या गुन्हेगारांत सर्वांत अट्टल एक बाई आहे, हे नमूद करतो. नाव जयवंता. फाट्यावर आबाजीचं सायकल-दुरुस्तीचं दुकान आहे, त्याची ही मुलगी. दुरुस्त झालेली सायकल गिऱ्हाईकाला देण्याआधी ही चालवून बघते. नऊवारीचा काष्टा घट्ट मारते, पदर खोचते आणि वाऱ्यासारखी जाते. गावाला याचं काही वाटत नाही; आबाजीला मुलगा नाही, तीच त्याचा मुलगा, असं म्हणतात.

परवा ती उजव्या बाजूनं आली. काल घंटीशिवाय आली. आज भर दुपारी दिवा लावून आली.

"हा दिवा कशाला?" मी अडवलं.

"अवो, रात्री लावायचा ना? मंग दिवसा लावला तर गुन्हा हाय का?"

मी चौकीत जाऊन नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. दिवसा दिवा लावू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. बाहेर येईपर्यंत ती उन्हात उभीच होती. तिला सोडून दिलं.

दुसरं असं, की अख्खा फाटा मला पोलीसदादा म्हणतो. म्हाताऱ्या बायकासुद्धा म्हणतात. ही एकटी कधी दादा म्हणत नाही, नुसतं "अवो" म्हणते. सरकारी माणसाचा मान राखायला नको? हवालदारांना सांगितलं तर त्यांनी तंबाखू थुंकायला म्हणून तोंड फिरवलं आणि बराच वेळ तिकडेच ठेवलं.

२४ जानेवारी, सोमवार

सुचलं! आंघोळ करताना सुचलं आणि तसाच ओला बाहेर आलो.

मैल कोणाला कळत नाहीत, पण बैलगाडी तर सगळ्यांना कळते! पेंढ्याची गाडी कशी डुलत डुलत जाते, तेवढ्या चालीनं सायकल गेली तर कोण मरणार आहे? फौजदारसाहेबांनाही कल्पना पसंत पडली. उताराच्या माथ्यावर पाटी लावायची:

"या उतारावर सायकलस्वारांनी बैलगाडीपेक्षा जोरात जाऊ नये. हुकमावरून."

आबाजीच्या दुकानात रंग असतो, म्हणून पाटी तिथेच रंगवली. जयवंता चौथी शिकलेली आहे, अक्षर वळणदार. मी डबा धरून बसलो.

"नक्की हेच लिवू?" तिनं विचारलं.

"हेच."

"कोनची पन बैलगाडी?"

"कोणतीही. कायद्यापुढे सगळ्या बैलगाड्या सारख्या."

त्यावर तिला इतकं हसू आलं की 'गाडी'तल्या डीची वेलांटी पाटीच्या कडेपर्यंत गेली. मी रागावलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, लांबनं दिसंल." माझ्या बोटाला लाल रंग लागला तो तिनं रॉकेलच्या बोळ्यानं पुसून दिला. चांगला निघाला नव्हता, तरी मी निघाला म्हणालो आणि निघालो.

२७ जानेवारी, गुरुवार

काय ही शिस्त! सकाळी धर्मा म्हाताऱ्याची पेंढ्याची गाडी उतरत होती आणि तिच्यामागे चाळीस सायकली. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. वरात परवडली. मागच्या रांगेतल्यांनी गाणी म्हटली. एकानं पुढच्या गाडीतला पेंढा काढून आपल्या टायरात भरला. लष्कराचे ट्रक थांबवून सोजीर लोक बघत होते.

सगळे कारखान्यात उशिरा पोचले. त्याला माझा इलाज नाही. माणूस जिवंत राहिला तर उशीर होतो.

फौजदारसाहेब "शाबास" म्हणाले. मला वाटतं मी कायम झालोच.

३ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहितो, कारण ते अजून माझ्याच डोक्यात नीट बसलेलं नाही.

कुंभिवलीचे कोंडाजी मोठे बैलवाले. त्यांची पाखऱ्या आणि हरण्या ही शर्यतीची जोडी आसपासच्या कुठल्याही माळावर हरलेली नाही. आज सकाळी भोंग्याच्या वेळी ते जोडी जुंपून, हलका छकडा घेऊन उताराच्या माथ्यावर आले. पदूनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. सगळे सायकलवाले छकड्याच्या मागे उभे राहिले. पदूनं घंटी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

पुढचं मला दिसलं नाही, कारण धूळ. नुसता आवाज ऐकला. फाट्यावरच्या कोंबड्या झाडावर चढल्या. धूळ बसली तेव्हा रस्ता रिकामा होता आणि एक चप्पल पडली होती.

परत येताना कोंडाजींना अडवलं. "हे काय चाललंय?"

"काय म्हंजे? मी माझी गाडी घिऊन घरी गेलतू."

"इतक्या जोरात?"

"पाटीवर सायकलवाल्यांना लिवलंय. बैलांना काय लिवलंय का?"

"पण सायकली..."

"माज्या फुडं एक बी गेली काय? सांग. हाय कुनाची छाती?"

मी विचार केला. खरोखरच एकही सायकल पुढे गेली नव्हती. म्हटलं, "पण ही बैलगाडी..."

कोंडाजींनी बैलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पोलिसा, ही बैलगाडी नाय, तर मी काय रेडं जुपलेत?"

कायदा कुठेच मोडलेला नाही. मी सलाम करून त्यांना जाऊ दिलं. शर्यतीचे बैल मला माहीत नव्हते असं नाही, आमच्या गावीही शर्यती होतात. पण पाटी लिहिताना डोळ्यांपुढे पेंढ्याची गाडी होती. पाटी लिहिताना शर्यत कोणाला सुचते?

८ फेब्रुवारी, मंगळवार

आता रोज हेच. भोंगा, घंट्या, धूळ. घंट्यांचा आवाज आला की पाखऱ्या-हरण्या कासऱ्याची वाट बघत नाहीत, सुटतातच. थांबतात ते थेट कुंभिवलीला दारात, कारण कोंडाजींची बायको बायजा तिथे पेंडीचं घमेलं घेऊन उभी असते. कारखान्यात सगळे वेळेवर पोचतात. रस्त्याच्या कडेला भज्यांची गाडी लागली आहे. पोरीबाळी बघायला येतात.

अपघात? एकही नाही. सगळे एका दिशेनं, एकाच बाजूनं, एकामागे एक. ट्रकवाले सोजीरसुद्धा घंट्या ऐकल्या की आधीच थांबतात आणि टोप्या उडवतात. मलाच कधी कधी हसू आवरत नाही. अंगावर डगला असताना हसणं बरं नाही, म्हणून चौकीच्या मागे जाऊन हसून येतो.

आज मात्र जयवंता सगळ्यात पुढे होती, छकड्याच्या चाकाला चाक लावून. अंबाडा सुटलेला. मला धडकीच भरली. शिपायाला भीती वाटायचं कारण नाही, तरी भरली. तिला थांबवून रहदारीच्या धोक्यांवर समज दिली. हवालदार म्हणाले, "धाकलू, लेका, दोन बिड्या वडून झाल्या तरी तुजी समज संपना. पदूला तर यका वाक्यात सोडतोस."

स्त्रियांना समजावून सांगावं लागतं, असं मी उत्तर दिलं.

शेवटी आबाजीलाच भेटलो. म्हटलं, मुलीला आवरा. आबाजी पान्यानं डोकं खाजवत म्हणाला, "मी बी तेच सांगतू तिला. दुकानाफुडं चांगला सपाट रस्ता हाय, तितं सायकल बघ. पन नाय. उठली की चौकीवरनंच जायचं. काय हाय तितं देव जाने."

हट्टी स्वभाव, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी, शनिवार

आज जयवंता दिसली नाही. रहदारी कंटाळवाणी होती.

१३ फेब्रुवारी, रविवार

आजही नाही. फौजदारसाहेबांना लिहून कळवलं की उतारावर पूर्ण शिस्त आहे. लिहिलं ते खरं आहे, पण लिहून आनंद झाला नाही. बहुतेक आमटीत मीठ कमी होतं.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

ती आली! चुकीच्या बाजूनं, घंटीशिवाय. मी इतका जोरात "थांब" ओरडलो की हवालदारांच्या हातातला चहा सांडला.

कर्जतला मामाकडे गेली होती म्हणे. "मला बघाया आलते," असं तिनं स्वतःहून सांगितलं.

"मग?"

"मग काय. मी सायकलवरनं देवळापातुर गेले, तो मागनं चालत आला. त्याला धाप लागली. मी म्हनलं, नको."

मी तिला सांगितलं की पायी चालणाऱ्याला मागे टाकणं हा गुन्हा होत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुमी त्या दिशी अख्खी सकाळ पळालात. तुमाला नाय लागली धाप."

लागली होती. पण सरकारी माणसानं हे कबूल करू नये. ती गेल्यावर दोन वेळा जेवलो.

२३ फेब्रुवारी, बुधवार

मेलो.

अलिबागहून मोठे साहेब येणार आहेत. होळीच्या दिवशी, ९ मार्चला, भोंग्याच्या वेळी. आमच्या साहेबांनी उतारावरच्या शिस्तीचं इतकं कौतुक लिहिलं की ते प्रत्यक्ष बघायला निघाले. आमच्या फौजदारसाहेबांनी स्वतः अजून काहीच बघितलेलं नाही. सकाळी त्यांची पूजा असते.

आता काय करू? पाटी काढली तर माझीच चूक माझ्या हातानं कबूल केली असं होईल आणि गावी जावं लागेल. पाटी ठेवली तर मोठे साहेब धूळ खातील आणि गावी जावं लागेल. दोन्हीकडून कर्जतच. गाव काही वाईट नाही. घर आहे, आई आहे. तरी इथून जायचं म्हटलं की जेवण जात नाही. हवा मानवली असावी.

जयवंताला सगळं सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. ती म्हणाली, "अवो, एक दिवस कोंडाजीकाकांना घरी बसवा. धर्माबाबाची पेंड्याची गाडी फुडं घाला. झालं."

एवढं सोपं मला का सुचलं नाही?

२ मार्च, गुरुवार

कोंडाजींनी पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली की त्या दिवशी बैल सुटणार नाहीत. धर्मा म्हाताराही कबूल झाला. मी सायकलवाल्यांना रोज संध्याकाळी शिकवतो आहे: साहेबांची स्वारी हलली की मी हात वर करणार, आणि चाळीस घंट्या एका ठेक्यात वाजवून सलामी द्यायची. पदू म्हणाला, पलटणीत बँड असतो तसं वाटतं. मलाही तसंच वाटतं.

९ मार्च, गुरुवार. होळी.

आज लिहिता येत नाही. उद्या लिहितो.

१० मार्च, शुक्रवार. धुळवड.

पहिल्यापासून सांगतो.

मोठे साहेब काल वेळेवर आले. देहानं भरभक्कम, आवाज मोठा. त्यांच्या मोटारीला मागे कोळशाची शेगडी लावलेली होती, हल्ली पेट्रोलाऐवजी लावतात तशी. पाटी बघायला मोटार उताराच्या माथ्यावर गेली आणि तिथे शेगडी विझली. ड्रायव्हर फुंकून फुंकून काळा झाला. मोठे साहेब म्हणाले, "काही हरकत नाही. आपण बैलगाडीतून उतरू. म्हणजे तुमचा नियम आतून बघायला मिळेल."

मी धर्मा म्हाताऱ्याला शोधायला धावलो. धर्मा म्हातारा नव्हता. होळीची लाकडं आणायला गाडी घेऊन रानात गेला होता! आणि तेवढ्यात समोरून कोण यावं? कोंडाजी. बैलांच्या पाठीवर भरजरी झूल, शिंगांना गोंडे.

"तुम्ही शपथ घेतली होती!" मी म्हणालो.

"बैल सुटनार न्हाईत म्हनालू. येनार न्हाईत असं कुटं म्हनालू? मोठं सायब येनार आन् कोंडाजी घरी बसनार, गावात तोंड दाकवू का?"

मोठ्या साहेबांना जोडी इतकी आवडली की ते सरळ छकड्याकडेच चालू लागले. कोंडाजी मला म्हणाले, "घाबरू नगंस. कासरा माज्या हातात हाय. नवरीला नेल्यावानी नेतू." मला धीर आला. आमचे फौजदारसाहेब आधी चढले. मोठ्या साहेबांना चढता येईना म्हणून कोंडाजींनी कासरा फौजदारसाहेबांच्या हातात दिला, खाली उतरले आणि मोठ्या साहेबांना खालून जोर लावून वर चढवलं.

कोंडाजी वर चढायच्या आतच साहेबांची स्वारी हलली. मी हात वर केला.

चाळीस घंट्या वाजल्या.

देवा! हात वर असतानाच माझ्या लक्षात आलं. पण तोपर्यंत छकडा रस्त्यावर नव्हताच, धुळीत होता. फौजदारसाहेब बैलांना "कायदा! कायदा!" असं ओरडत होते. चाळीस सायकलवाले, रोजची सवय, छकड्याच्या मागे सुटले आणि कोंडाजी हातात नुसतं पटकं घेऊन रस्त्यात उभे राहिले. आणि खाली, फाट्याकडे, पेणच्या रस्त्यानं ट्रकांची रांग येताना दिसली. नवी पलटण होती, आमच्या घंट्या तिच्या ओळखीच्या नव्हत्या.

मी पळालो. किती पळणार? छकड्याच्या आधी फाट्यावर पोचायला हवं होतं आणि मला सायकल येत नाही. इतक्यात शेजारी चाक करकरलं.

"अवो, बसा की मागं!"

बसलो. तिच्या मागे, कॅरियरवर, डगल्यासकट. जयवंतानं जे पायडल मारलं! पदूला मागे टाकलं. सगळ्या सायकलींना मागे टाकलं. उजव्या बाजूनं गेलो. घंटी नव्हती, म्हणून मी "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत होतो. छकड्याच्या बरोबरीला आलो तेव्हा मोठ्या साहेबांनी आमच्याकडे बघितलं. त्यांची टोपी गेली होती आणि डोळे बशीएवढे झाले होते. मी सलाम केला. सलाम करायला एक हात सोडला म्हणून दुसरा हात जयवंताच्या खांद्यावर ठेवावा लागला. मग आम्ही पुढे गेलो. बैलगाडीच्या पुढे!

खरं सांगायचं तर मी हसत होतो. दोन साहेब मागे, ट्रक पुढे, नोकरी गेल्यात जमा, आणि मी हसत होतो. तीही हसत होती. इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झालेला नाही.

फाट्यावर उडी मारली, पडलो, उठलो आणि पहिल्या ट्रकपुढे हात पसरून उभा राहिलो. गोरा ड्रायव्हर काहीबाही ओरडला. ट्रक माझ्या छातीपाशी येऊन थांबला. त्याच क्षणी पाठीमागून पाखऱ्या-हरण्या गेले, दोन साहेब गेले, चाळीस सायकली गेल्या, शिस्तीत, एकामागे एक. कुंभिवलीला बायजाबाई पेंड घेऊन उभी होती. बैल तिथेच थांबले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

तासाभरानं मोठे साहेब चौकीपुढे खुर्ची टाकून बसले. डोक्यावर कोंडाजींचं पटकं. समोर अख्खा फाटा जमलेला.

"माझ्या गाडीच्या पुढे कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मी पुढे झालो. "मी साहेब. एका सायकलवर दोघं. उजव्या बाजूनं. घंटी नाही. बैलगाडीपेक्षा जोरात. चालवणाऱ्या बाईचा दोष नाही, मी सरकारी कामासाठी बसलो. आणि पाटीही माझीच."

"पाटी लावताना शर्यतीचे बैल तुला माहीत नव्हते?"

"माहीत होते साहेब. आठवले नाहीत."

मोठ्या साहेबांचं पोट हलायला लागलं. मग खांदे हलायला लागले. मग ते इतके हसले की खुर्चीचा पाय मातीत रुतला. आमच्या फौजदारसाहेबांना हसावं की नाही कळेना; ते अंगावरची धूळ झटकत राहिले.

"पाटी काढा," डोळे पुसत मोठे साहेब म्हणाले. "फाट्यावर हात दाखवायला कायमचा माणूस पाहिजे. ट्रकपुढे उभा राहणारा. हाच पाहिजे. पण राहायची खोली फाट्यावरच, आणि ती कुटुंबवाल्याला द्यायची असा नियम आहे. काय रे, लग्न झालंय?"

"नाही साहेब."

"मग इथे नाही जमणार. अलिबागला चल. तिथे बराक आहे. कायम तर तुला केलंच समज."

कायम! याच शब्दासाठी दोन महिने जीव टांगणीला लागला होता. तो ऐकला आणि सलाम करायचाही विसरलो. अलिबागला चांगला समुद्र आहे असं ऐकतो. तिथे उतार नाही. तिथे कोणी भर दुपारी दिवा लावून येणार नाही. मला तिथे एक दिवससुद्धा काढता येणार नाही, हे मला त्या खुर्चीपुढे उभं असताना कळलं, आणि का काढता येणार नाही तेही कळलं. इतके दिवस मी काय करत होतो?

"व्हनार हाय," गर्दीतून आवाज आला.

साहेबांनी मान वळवली. "काय होणार आहे?"

"लगीन. यांचं." जयवंता पुढे आली. चेहरा धुळीनं माखलेला, त्यात नुसते दात आणि डोळे. पण बोट सरळ माझ्याकडे.

"कधी?"

"शिमगा सरला की."

"कोणाशी?"

एवढा उतार ब्रेकशिवाय उतरणारी ती मुलगी पहिल्यांदाच खाली बघत उभी राहिली. बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावले. हवालदार बुधाजी आभाळाकडे बघत म्हणाले, "सायब, आमाला जानेवारीपास्नं म्हाईत हाय."

"काय रे," मोठ्या साहेबांनी मला दरडावून विचारलं, "हे खरं आहे?"

मी शपथ घेतलेला शिपाई. वरिष्ठांपुढे खोटं बोलणार नाही.

"खरं आहे साहेब," मी म्हणालो. "मला आत्ताच कळलं."

गर्दीच्या मागे आबाजी पाना हातात धरून उभा होता.

"मला बी," तो म्हणाला.